क्ष-किरण वर्णपटमापनाने कोळशाची प्रतवारी

कोळशातील खनिज द्रव्यांची मूलद्रव्ये क्ष-किरणांनी ओळखून त्यांवरून राख, गंधक आणि उष्मांक (जळताना मिळणारी उष्णता) यांचा अंदाज बांधण्याची पद्धत. वेस्टर्न कोलफिल्ड्स (वेकोलि) या सरकारी कोळसा कंपनीचे मुख्यालय नागपुरात आहे. कामठी, सावनेर, उमरेड या खाणी आणि कोराडी, खापरखेडा ही औष्णिक वीज केंद्रे शहराच्या आसपासच आहेत. त्यामुळे खाणीतून निघालेला आणि केंद्रात पोहोचलेला कोळसा एकाच प्रतीचा आहे का, हा प्रश्न इथे रोजच्या व्यवहाराचा आहे.

भारतात जानेवारी २०१२ पासून कोळशाची किंमत एकूण उष्मांकावर ठरते. जी-१ ते जी-१७ अशा १७ श्रेणी असून मधल्या श्रेणींत ३०० किलोकॅलरी प्रतिकिलोचे अंतर असते. राख तीन-चार टक्क्यांनी वाढली तरी माल एक श्रेणी खाली उतरतो. प्रमाण पद्धतीत बारीक दळलेला नमुना ८१५ अंश सेल्सियसला जाळून राख मोजतात आणि बॉम्ब कॅलरीमापीत, म्हणजे बंद भांड्यात नमुना जाळून उष्णता मोजणाऱ्या उपकरणात, उष्मांक काढतात. ही पद्धत खात्रीची, पण वेळखाऊ आहे. निकाल हाती येईपर्यंत कोळसा बहुधा जळून गेलेला असतो.

क्ष-किरणांचा मारा झाला की अणूतील आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. रिकामी जागा भरताना प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण सोडते : सिलिकॉन १.७४, गंधक २.३१, लोह ६.४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (किरणांची ऊर्जा मोजण्याचे एकक). ही ऊर्जा आणि अणुक्रमांक यांचे नाते ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हेन्री मोझली यांनी १९१३ मध्ये दाखवले. या तंत्राला क्ष-किरण प्रतिदीप्ती किंवा एक्सआरएफ म्हणतात.

कार्बनचे किरण मात्र फक्त ०.२८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे. ते हवेतच विरतात आणि हायड्रोजन तर असे किरण देतच नाही. म्हणजे हे उपकरण कोळशातले इंधन मोजत नाही, इंधनात मिसळलेली माती मोजते. विदर्भाच्या कोळशाला हे सोयीचे पडते. गोंडवनी कोळसा (भारतातील प्राचीन गोंडवन खडकांतला) साचताना पाण्याबरोबर आलेला गाळ त्यात कणाकणाने मिसळला, म्हणूनच तो धुऊनही फारसा सुटत नाही. राखेत मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना असल्याने सिलिकॉन व ॲल्युमिनियमच्या खुणांवरून राखेचा अंदाज चांगला येतो. प्रकीर्णित, म्हणजे नमुन्यावर आदळून विखुरलेल्या किरणांचीही मदत होते : राख वाढली की सरासरी अणुक्रमांक वाढतो आणि कॉम्प्टन प्रकीर्णनाचा (ज्यात विखुरताना किरणांची थोडी ऊर्जा कमी होते) वाटा घटतो.

खरी अडचण नमुन्याची आहे. सिलिकॉनचे किरण कोळशाच्या पृष्ठभागाखालील काही दशक मायक्रॉनांतूनच बाहेर येतात. लोहाचे त्याहून कितीतरी खोलून. प्रमाण चाचणीसाठी २१२ मायक्रॉनच्या चाळणीतून काढलेली भुकटी इथे जाडीभरडी ठरते, कारण उपकरणाला वरच्या कणांचा फक्त बाहेरचा थर दिसतो. म्हणून नमुना आणखी बारीक दळून, दाबून त्याची वडी करतात आणि हलक्या मूलद्रव्यांसाठी निर्वात किंवा हेलियमचे वातावरण ठेवतात. वाघिणीच्या वरून उचललेला ढेकूळ हाती धरायच्या यंत्रासमोर धरून आलेला आकडा म्हणजे त्या ढेकळाची एक बाजू, वाघिणीतला माल नव्हे.

अंशशोधनही (उपकरणाचे आकडे माहीत असलेल्या नमुन्यांशी जुळवून घेणे) त्या त्या क्षेत्राच्या, शक्यतो त्या त्या थराच्या कोळशावरच करावे लागते. झारखंडच्या नमुन्यांवर बसवलेले समीकरण उमरेडला तसेच लावणे चुकीचे आहे. लोहाचे प्रमाण बदलले की शोषण बदलते आणि राखेचा अंदाज ढळतो. गंधक एकूण किती ते कळते. पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजामधले किती आणि सेंद्रिय किती, हे सहसा वेगळे करता येत नाही.

पावसाळ्यात उघड्या खाणींतला कोळसा भिजतो, उष्मांक घसरतो, पण पाणी एक्सआरएफला थेट दिसत नाही. ओलावा वेगळा, सूक्ष्मतरंग मापकाने किंवा भट्टीत सुकवून मोजावा लागतो. त्यामुळे एक्सआरएफचा उपयोग माल वेगळा करण्यासाठी, मिश्रण बसवण्यासाठी आणि संशयित खेप लगेच ओळखण्यासाठी करावा. बिलाचा आकडा कॅलरीमापीवरच ठरावा.