हात बधिर करायचं इंजेक्शन आणि काखेतल्या, कॉलरबोनजवळच्या गाठी : पेशंटसाठी माहिती

आम्ही भूलतज्ज्ञांची छोटी टीम आहोत. खांदा, कोपर, मनगट, बोटं यांचं ऑपरेशन असलं की बरेचदा आम्ही पूर्ण झोपवत नाही, तेवढा हातच बधिर करतो, यालाच नर्व्ह ब्लॉक म्हणतात. पेशंट विचारतात दुखेल का, हात परत पहिल्यासारखा होईल ना, पण आम्हाला जे कळायला हवं असतं ते सहसा कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून हा कागद.

मानेच्या मणक्यांमधून निघालेल्या पाच मुख्य नसा (नर्व्ह, रक्ताच्या शिरा नव्हेत) एकमेकींत मिसळतात, कॉलरबोनच्या मागून पहिल्या बरगडीवरून काखेत उतरतात आणि मग हातभर पसरतात. त्यामुळे वाटेत योग्य ठिकाणी औषध सोडलं की खालचा हात बधिर. खांद्याचं काम असेल तर सुई मानेच्या बाजूला, त्याखालचं असेल तर कॉलरबोनच्या वर, खाली किंवा काखेत. सोनोग्राफी लावून, सुई स्क्रीनवर बघत बघतच देतो.

आता गाठींचं. याच जागेत लिम्फ नोड्स, म्हणजे शरीरातल्या नेहमीच्याच छोट्या गाठी, असतात, हाताला जखम होऊन पिकली की काखेत अवधाण येतं ना, ते याच सुजतात. स्क्रीनवर नस आडवी दिसते तेव्हा काळपट गोल ठिपका दिसतो आणि छोटा लिम्फ नोडही बराचसा तसाच दिसतो, अनुभवी माणूससुद्धा क्षणभर थांबतो. मग आम्ही प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचा अंगावर टेकवायचा भाग, हळूहळू वरखाली सरकवतो, नस असेल तर ठिपका सोबत चालत राहतो, गाठ असेल तर थोड्याच अंतरात संपून जातो. तुम्ही आधीच सांगितलंत की काखेत गाठ आहे तर आमचं काम सोपं होतं, आणि ती दुखरी, पू झालेली असेल तर तिथून सुई घालतच नाही, दुसरी वाट धरतो.

ब्रेस्टच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर कोणत्या बाजूच्या आणि नंतर हाताला सूज येते का, तेही सांगा, कितीही जुनं असलं तरी. त्या हाताला ब्लॉक देताच येत नाही असं नाही, पण आधी सर्जनशी बोलून ठरवावं लागतं.

आणि कॉलरबोनच्या वरच्या खळग्यात गाठ लागत असेल, विशेषतः कडक, न दुखणारी, तर ऑपरेशन असो नसो, डॉक्टरांना दाखवाच. सर्दी-घशाने जबड्याखालच्या गाठी सुजतात आणि बसतात, ही तशी नसते. शरीराच्या बऱ्याच भागातला लिम्फ (या गाठींमधून वाहणारं पातळ पाणी) डाव्या कॉलरबोनमागे शिरेत येऊन मिळतो, त्यामुळे पोटातल्या कॅन्सरची पहिली खूण कधीकधी तिथे दिसते, फिरखो या जर्मन डॉक्टरने हे 1848 मध्येच लिहून ठेवलंय. घाबरवायला नाही सांगत, टीबीनेसुद्धा तिथे गाठ येते, पण तपासल्याशिवाय कळणार कसं.

ब्लॉकनंतर कधी पापणी जराशी उतरते, आवाज बसतो, त्या बाजूचं श्वासपटल (छातीखालचा श्वास घ्यायचा स्नायू) काही तास सुस्त पडतं. औषध उतरलं की सहसा हे सगळं जातं, पण दमा, फुफ्फुसाचा जुना त्रास किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर आधी सांगा, गोळ्या मनाने बंद करू नका.

घरी गेल्यावर हात किती वेळ बधिर राहील ते औषधावर आहे, लिग्नोकेनचा असर काही तास, बुपिव्हाकेनचा अर्धा दिवस किंवा जास्तही. तोवर हात झोळीत ठेवा, गरम भांडं, इस्त्री यापासून लांब, चटका बसला तरी कळत नाही. आणि दुखण्याच्या गोळीचं ऐका, सगळे म्हणतात दुखत नाहीये तर गोळी कशाला, मग रात्री दोनला असर उतरतो आणि एकदम कळ येते. झोपायच्या आधी सांगितलेली गोळी घ्याच.

धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थांबू नका, थेट इमर्जन्सीत जा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बोटं हलेनात किंवा मुंग्या तशाच राहिल्या तर आम्हाला फोन करा.