ऑटोमॅटिक गाडी घेताय? आत काय फिरतंय ते आधी विचारा

‘ऑटोमॅटिक घेऊ नका, अ‍ॅव्हरेज देत नाही.’ गाडी घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला हा सल्ला मिळतोच. एके काळी तो बरोबर होता. आज मात्र ‘ऑटोमॅटिक’ या एकाच नावाखाली चार निरनिराळी यंत्रं विकली जातात आणि एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी मारला जातो.

मुळात अडचण अशी, की इंजिन मिनिटाला साधारण ७००-८०० फेऱ्यांच्या खाली गेलं की बंद पडतं, आणि चाकाला तर शून्यापासून सुरुवात करायची असते. मॅन्युअल गाडीत ही तफावत क्लचप्लेट घासून भरून निघते. एएमटीतही (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) गिअरबॉक्स आणि क्लच तेच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. म्हणून ती स्वस्त, अ‍ॅव्हरेज मॅन्युअलच्या जवळपास, पण गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते.

टॉर्क कन्व्हर्टरची गोष्टच वेगळी. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. जर्मन इंजिनिअर हर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये त्याच्या मूळ तत्त्वाचं पेटंट घेतलं, तेही जहाजांसाठी! मेदूवड्याच्या आकाराच्या बंद डब्यात तेल भरलेलं असतं. इंजिनाला जोडलेला इम्पेलर, म्हणजे पात्यांचं चाक, ते तेल बाहेरच्या कडेकडे फेकतो, समोरचं तसंच दुसरं चाक, म्हणजे टर्बाइन, त्या माऱ्याने फिरतो आणि गिअरबॉक्सला फिरवतो. टर्बाइनमधून परतणारं तेल उलट दिशेने येतं. ते तसंच इम्पेलरवर आदळलं तर त्यालाच अडवेल. म्हणून मधे स्टेटर. त्याची वाकडी पाती तेलाला वळवून इम्पेलरच्या फिरण्याच्या दिशेने सोडतात. त्यासाठी स्टेटर गिअरबॉक्सच्या स्थिर भागाला रेटा देतो आणि तेवढा जादा टॉर्क टर्बाइनला मिळतो. गाडी जागची हलताना हा टॉर्क जवळजवळ दुप्पट होतो. ऊर्जा फुकट मिळत नाही, इम्पेलर आणि टर्बाइनच्या वेगात फरक पडतो, त्या घसरणीतली बरीच ऊर्जा उष्णता होऊन जाते. टर्बाइनचा वेग वाढला की तेल स्टेटरच्या पात्यांवर मागून आदळतं, मग एकदिश क्लच (एकाच दिशेने फिरू देणारा) स्टेटरला मोकळं फिरू देतो. पुढे लॉक-अप क्लच इम्पेलर-टर्बाइन घट्ट जोडतो आणि घसरण संपते. जुन्या बऱ्याच गाड्यांत हा लॉक-अप नव्हता. बदनामीचं एक मोठं कारण तेच.

सीव्हीटीत, म्हणजे गिअरच्या ठरावीक पायऱ्या नसलेल्या प्रकारात, दोन पुल्या आणि पट्टा, म्हणजे आपल्या गिअरलेस स्कूटरचंच तत्त्व. शहरात लोण्यासारखी चालते. ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचवाली, झपाट्याने गिअर बदलते, पण तिचा क्लच कोरडा (तेलात न बुडवलेला) असेल तर रांगत्या ट्रॅफिकमध्ये तापतो.

घाट उतरताना न्यूट्रल केलं की पेट्रोल वाचतं, हा समज तर सोडूनच द्या. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये राहून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन तुटतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते द्यावंच लागतं, आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो.

टेस्ट ड्राइव्हला घरची चार माणसं बसवा, चढावर थांबा आणि ब्रेक सोडून बघा. हिल होल्ड (चढावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय) नसलेली एएमटी मागे सरकण्याची शक्यता जास्त. घाटात नेहमी जायचं असेल, तर माझं मत टॉर्क कन्व्हर्टरला.