काडीकचऱ्यापासून पेलेट व ब्रिकेट: नाशिक जिल्ह्यातील अर्जदारांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

नाशिक जिल्ह्यात निफाड-दिंडोरीकडे एप्रिलच्या खरड छाटणीनंतर आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर द्राक्षबागांतून काडीचे ढीग निघतात, तर येवला, मालेगाव, चांदवड या भागांत मक्याची ताटे व दाणे काढलेली मोकळी कणसे उरतात. हा माल दाबून पेलेट (जळणाच्या लहान कांड्या) किंवा ब्रिकेट (मोठे ठोकळे), म्हणजे ज्याला व्यवहारात पांढरा कोळसा म्हणतात तो, तयार करण्याचा कारखाना टाकू इच्छिणाऱ्यांपुढे प्रामुख्याने दोन शासकीय मार्ग आहेत आणि त्यांपैकी कोणता धरायचा, हे पहिला अर्ज भरण्यापूर्वीच ठरवावे लागते.

पहिला मार्ग केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमाचा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या या कार्यक्रमाचा पहिला टप्पा २०२१-२२ ते २०२५-२६ असा आखलेला असल्यामुळे, अर्जाच्या दिवशी कोणते आदेश लागू आहेत हे मंत्रालयाच्या बायोऊर्जा पोर्टलवर पाहून मगच यंत्रांची मागणी नोंदवावी. ब्रिकेटसाठी ताशी एक टन क्षमतेमागे ९ लाख रुपये आणि एका प्रकल्पास कमाल ४५ लाख रुपये, असा मूळ दर होता. २०२४ मधील सुधारणेनुसार साध्या पेलेटसाठी ताशी टनामागे २१ लाख रुपये किंवा यंत्रसामग्रीच्या भांडवली खर्चाच्या ३० टक्के, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती, कमाल १ कोटी ५ लाखांपर्यंत मिळते. भाजून काळ्या केलेल्या, म्हणजे टॉरिफाइड पेलेटसाठी हा दर ४२ लाख व कमाल मर्यादा २ कोटी १० लाख आहे.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. हे पैसे कारखाना उभारण्यासाठी हाती येत नाहीत. प्रथम तत्त्वतः मंजुरी मिळते, मग कारखाना उभा राहतो, आणि तो चालू झाल्यावर तपासणीत जे प्रत्यक्ष उत्पादन दिसते त्यावर अनुदान ठरते. २०२५ च्या सुधारणेनंतर क्षमतेच्या ८० टक्क्यांहून अधिक काम दाखवणाऱ्या प्रकल्पास पूर्ण रक्कम आणि त्याखाली त्या प्रमाणात रक्कम देय आहे. अनुदानाची मागणी व तपासणी ही दोन्ही कारखाना सुरू झाल्याच्या किंवा तत्त्वतः मंजुरीच्या तारखेपासून, जी नंतरची असेल तिच्यापासून, १८ महिन्यांत पूर्ण करावी लागतात. त्यामुळे उभारणीचा पैसा कर्जातून किंवा स्वतःच्या भांडवलातून आधी उभा करणे भाग आहे.

दुसरा मार्ग लहान उद्योजकासाठी अधिक सोयीचा आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ५० लाख रुपयांपर्यंतच्या उत्पादन प्रकल्पास बँक कर्जासोबत अनुदान मिळते. ग्रामीण भागात सर्वसाधारण अर्जदारास २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग इत्यादी विशेष गटांस ३५ टक्के अनुदान असून स्वतःचा वाटा अनुक्रमे १० व ५ टक्के आहे. अर्जदाराचे वय १८ वर्षांहून अधिक असावे आणि प्रकल्प १० लाखांपेक्षा मोठा असल्यास तो किमान आठवी उत्तीर्ण असावा. एका कुटुंबातून एकच अर्ज चालतो. शेतकरी उत्पादक कंपनीला हा मार्ग नाही, तिने पहिल्याकडेच वळावे. अनुदानाची रक्कम तीन वर्षे बँकेत मुदत ठेव म्हणून राहते. अर्ज खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या पोर्टलवर करून जिल्हा उद्योग केंद्राची निवड करावी. हे केंद्र सातपूर येथील उद्योग भवनात आहे. चालू असलेल्या किंवा अन्य शासकीय योजनेचे अनुदान घेतलेल्या उद्योगास हा लाभ मिळत नाही, म्हणूनच आरंभी निवडीचा आग्रह धरला आहे.

कागदपत्रांपैकी आधार, पॅन, छायाचित्र, शैक्षणिक प्रमाणपत्र, लागू असल्यास जातीचे प्रमाणपत्र, बँक तपशील आणि उद्यम नोंदणी ही नेहमीचीच आहेत. दुसऱ्या मार्गासाठी गाव ग्रामीण क्षेत्रात मोडते असा दाखला लागतो. कंपनी असल्यास नोंदणी प्रमाणपत्र व संचालक मंडळाचा ठराव जोडावा. जागेसाठी सातबारा, आठ-अ, जागा भाड्याची असल्यास नोंदणीकृत करार, तसेच औद्योगिक वापराबाबत महसूल विभागाची कागदपत्रे तयार ठेवावीत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची व नंतर चालवण्याची संमती आणि महावितरणकडून वीजभार मंजुरी यांची कामेही वेळीच सुरू करावीत, कारण पेलेटच्या यंत्राला लागणारा भार साध्या जोडणीवर भागत नाही.

सर्वांत अधिक वेळ प्रकल्प अहवालातील कच्च्या मालाच्या प्रकरणावर द्यावा.  आपल्याकडे काडी एकेका बांधावर विखुरलेली असते आणि छाटणीच्या काही आठवड्यांतच गोळा करावी लागते. ताशी एक टनाचे यंत्र रोज १० तास, वर्षाला ३०० दिवस चालले तर ३,००० टन पेलेट निघतील. त्यांत १० टक्के आणि आणलेल्या काडीत २५ टक्के ओलावा धरल्यास ३,६०० टन काडी लागेल. ती कोणत्या गावांतून, कोणत्या महिन्यांत, किती अंतरावरून आणि काय दराने येणार, पावसाळ्यात ती कोरडी कोठे ठेवणार, हे अहवालात आकड्यांनी दाखवावे आणि शेतकऱ्यांशी केलेली संमतिपत्रे सोबत जोडावीत. पुष्कळ बागायतदार काडी बारीक करून बागेतच जिरवतात, तेव्हा तालुक्याचे एकूण क्षेत्र गुणून काढलेला आकडा कागदावरच राहतो.

मालाच्या विक्रीबाबतही अहवालात लेखी काही असावे. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशासोबत जैवइंधन जाळण्याच्या केंद्रीय धोरणात २०२३ च्या सुधारणेने २०२४-२५ साठी ५ टक्के व २०२५-२६ पासून ७ टक्के प्रमाण ठरवले होते, आणि एकलहरे येथील वीज केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे. तरीही वीज केंद्राच्या निविदेवर विसंबण्यापूर्वी सातपूर-अंबडच्या बाष्पक (बॉयलर) असलेल्या कारखान्यांकडून खरेदीचे इरादापत्र मिळवणे अधिक शहाणपणाचे ठरेल. पहिल्या मार्गाने जाणाऱ्यांनी पोर्टलवर अर्ज भरण्यापूर्वी महाऊर्जा, म्हणजे महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, हिच्या नाशिक येथील कार्यालयात अहवालाचा मसुदा दाखवून घ्यावा.