इजिमा, प्रजिमा आणि मधला ठराव : सांगली जिल्ह्यातील रस्त्यांची पार्श्वभूमी

जिल्हा परिषदेचा एखादा रस्ता बांधकाम खात्याकडे वर्ग करायचा विषय निघाला की सांगली जिल्ह्यात लगेच दोन तट पडतात. एका बाजूचे म्हणणे, परिषदेकडे पैसा नाही तर रस्ता धरून ठेवायचा कशाला? दुसऱ्या बाजूचा सवाल, वर्दळीचे रस्ते एकेक करून गेले तर परिषदेकडे उरणार काय, वाड्यावस्त्यांचे खड्डे? या वादासाठी फार मागे जायची गरज नाही, पण थोडे जावेच लागते.

जिल्हा परिषदेच्या आधीच्या लोकल बोर्डाचा काळ दोन वाक्यांत संपतो. १८८४ च्या कायद्याची बोर्डे शेतसाऱ्यावरच्या रुपयामागे एक आण्याच्या उपकरावर चालत, त्यात रस्त्याला मुरूम पडला तरी खूप. संस्थानी मुलखात तेवढेही एकसारखे नव्हते: सांगली, मिरज, जत आपापल्या हद्दीपुरते बघत, आटपाडी औंधकडे. हे तुकडे १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्ह्यात एकत्र आले, १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे सांगली झाले आणि १ मे १९६२ पासून कारभार जिल्हा परिषदेकडे आला.

आज आपण ज्यावरून जातो त्या जाळ्याची, निदान पूर्व भागातल्या, घडण मात्र १९७२ च्या दुष्काळातली. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ भागात माणसांना काम द्यायचे होते आणि काढता येण्याजोगे काम म्हणजे नाला बांध, पाझर तलाव नाहीतर रस्ता. बाया-माणसांनी खडी फोडली, हजेरीपटावर अंगठे उठले, रस्ता पुढे सरकला. पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला, १९७९ मध्ये लागू झाला आणि अशी कामे दुष्काळ सरल्यावरही चालू राहिली. वाहतूक किती आहे हे बघून हे रस्ते आखले नव्हते. मजूर जिथे, तिथे काम. बहुतेक ठिकाणी भूसंपादन झालेच नाही, शेतकऱ्याने तोंडी हो म्हटले आणि पाटी-फावडे लागले. त्याचे भोग अजून चालू आहेत: नकाशावर रस्ता, सातबाऱ्यावर शेत. डांबरीकरणाचे अंदाजपत्रक मंजूर होते आणि भावाभावांत वाटणी झालेली नवी पिढी ‘आमची जागा मोजून द्या’ म्हणून जेसीबीपुढे उभी राहते. त्यांचे चुकते असेही नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. टेंभू, म्हैसाळ, ताकारी या उपसा योजनांचे पाणी जसजसे पूर्वेकडे सरकले तसतसा ऊस आणि द्राक्षबागाही सरकल्या. बैलगाडी आणि दिवसातून दोन एसटी एवढ्यासाठी बांधलेल्या रस्त्यावर आता गाळप हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर धावतात. डांबराची पट्टी जेमतेम पावणेचार मीटर. समोरून दुसरी गाडी आली की एकाने साइडपट्टीवर उतरायचे. साइडपट्टी काळ्या मातीची, ती दबते, डांबराची कड उघडी पडते आणि वीतभर तुटते. पुढच्या हंगामात हातभर. शेताची पाइपलाइन टाकायला रस्ता आडवा खोदून वर नुसती माती लोटलेली असली की मग बघायलाच नको. खड्डा मधोमध पडला की फोटो येतो, पण रस्ता खरा मरतो तो कडेने.

आता मुख्य गुंता. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग (प्रजिमा), इतर जिल्हा मार्ग (इजिमा), ग्रामीण मार्ग (ग्रामा) ही उतरंड १९४३ च्या नागपूर योजनेतून आली. आजच्या व्यवस्थेत प्रजिमापर्यंतचे राज्याचे रस्ते बांधकाम खात्याकडे, इजिमा आणि ग्रामा परिषदेकडे. रस्ते विकास योजनेत नंबर पडलेला नसेल तर रस्त्याला देखभालीचा पैसा मिळणे मुश्कील, म्हणून गावोगावचे पहिले भांडण नंबरासाठी. नंबर पडला की दुसरे भांडण दर्जोन्नतीसाठी, म्हणजे इजिमाचा प्रजिमा करून रस्ता बांधकाम खात्याकडे देण्यासाठी. परिषदेच्या सर्वसाधारण सभेचा ठराव, शासनाकडे प्रस्ताव आणि शासनाचा निर्णय, असा तिचा मार्ग.

कागदावर कारण वाहतूक वाढल्याचे असते. ते पुष्कळदा खरेही असते. पण खरी ओढ लेखाशीर्षाची, म्हणजे अर्थसंकल्पात पैसा कोणत्या खात्यावर पडतो त्याची. परिषदेच्या वाट्याला मुख्यतः तीस चोपन्न (३०५४) क्रमांकाचे शीर्ष, म्हणजे देखभाल दुरुस्ती, आणि स्वतःचा तुटपुंजा सेस, म्हणजे उपकर. पन्नास चोपन्नचा (५०५४) मोठा भांडवली पैसा बांधकाम खात्याच्या रस्त्यांना सहज मिळतो. दर्जोन्नती झाली की रस्ता रुंद होतो, आणि फलकावर कोणाचे नाव लागायचे तेही बदलते. हे दुसरे कारण कोणत्याच प्रस्तावात लिहिलेले नसते.

गावातल्या दुकानदारांचा हिशेब वेगळा. रस्त्याचा वर्ग वाढला की बांधकामाची नियंत्रण रेषा मागे सरकते. काल कायदेशीर असलेला ओटा उद्या अडचणीत. त्यामुळे वेशीबाहेर दर्जोन्नतीचे स्वागत आणि पेठेत विरोध, असे एकाच गावात दिसते.

दर्जोन्नती न करता एक मधली वाटही काढली गेली: रस्ता परिषदेचा, पैसा राज्याचा, काम दुसऱ्या यंत्रणेचे, परिषदेने फक्त ‘ना हरकत’ द्यायची. आपल्या मते सगळ्यात जास्त नुकसान या सोयीने केले. हरकत घ्यावी तर ‘विकासाला आडवे आले’ म्हणून बोंब, घेऊ नये तर आपल्याच रस्त्यावर काय जाडीचा थर पडला हे शाखा अभियंत्याला विचारून कळायचे. मोजमाप पुस्तक एका कार्यालयात, रस्त्याची नोंदवही दुसऱ्या. दोष दायित्वाची, म्हणजे ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती करायची, मुदत कधी संपली हे खड्डा पडल्यावर शोधायचे.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने २००० पासून एक शिस्त आणली: ठेकेदारानेच पाच वर्षे देखभाल करायची, आणि तशी पाटी रस्त्याच्या तोंडाशी लावायची. २०१५ च्या मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेनेही तोच धडा गिरवला. पाटीवरची पाच वर्षे सरली की रस्ता परत परिषदेच्या गळ्यात, सोबत पैसा नाही.

उरलेल्या कामांचे वेळापत्रकच उलटे. पाऊस ऑक्टोबरात थांबतो, तेव्हा खड्डे भरायचे. त्याच सुमारास कारखान्यांची धुराडी पेटतात. मंजुरी, निविदा, कार्यारंभ आदेश होईपर्यंत फेब्रुवारी उजाडतो, मग मार्च एंडची घाई. एकेकाळी या मधल्या दिवसांत मैलकुली असे. त्याच्या वाट्याचा पट्टा ठरलेला, घमेले-फावडे सायकलला बांधलेले, पावसाआधी गटर उपसून पाण्याला वाट काढून देणे हे त्याचे काम. जागा रिकाम्या होत गेल्या, पुन्हा भरल्या गेल्या नाहीत. आता गटर उपसण्याचेही अंदाजपत्रक करावे लागते, तोवर पाणी रस्त्यावरून गेलेले असते.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी पश्चिमेकडचे, कृष्णा-वारणाकाठचे रस्ते धुतले. तिथे पूरहानीचा वेगळा निधी, वेगळे पंचनामे. मार्च २०२२ मध्ये परिषदेची मुदत संपून प्रशासक आला आणि त्यानंतर प्रदीर्घ काळ सर्वसाधारण सभाच नव्हती. ज्या ठरावावरून एवढे रण माजत असे, तो या काळात प्रशासकाच्या एका सहीने होत राहिला.