पूर्वीचे मद्यपान आणि अमेरिकेतील सुरक्षा मंजुरी

अमेरिकेच्या संघराज्य सरकारची गोपनीय माहिती हाताळण्यासाठी जी सुरक्षा मंजुरी लागते, तिची पात्रता ठरवताना अर्जदाराच्या पूर्वीच्या मद्यपानाचीही छाननी होते. जून २०१७ पासून लागू असलेल्या निर्देशातील तेरा निकषांपैकी सातवा निकष केवळ मद्यपानाविषयी आहे. मद्य घेणे हा त्यात दोष मानलेला नाही. अतिरेकामुळे विवेक आणि संयम सुटतो व अशा व्यक्तीच्या भरवशावर गुपिते सोपवावीत का, अशी शंका निर्माण होते, हा त्यामागील विचार आहे.

दारू पिऊन गाडी चालवणे, मारामारी, नशेत कामावर येणे, मद्यसेवन विकाराचे निदान झाल्यावरही उपचारांचा सल्ला न पाळणे आणि मद्यपानाबाबतचा न्यायालयीन आदेश मोडणे या गोष्टी अर्जदाराच्या विरोधात जातात. विवेक सुटेल इतके पिण्याची सवय असेल, तर विकाराचे निदान झालेले नसले तरी ती विचारात घेतली जाते. उलट, घटना जुनी व अपवादात्मक असणे, समस्येची कबुली देऊन मद्य सोडल्याचा किंवा आटोक्यात आणल्याचा पुरावा देणे आणि उपचार पूर्ण करून त्यानुसार वागणे यांमुळे आक्षेप सौम्य होऊ शकतो. किती वर्षे संयम पाळला म्हणजे पुरे, याची मुदत मात्र निर्देशात कोठेही ठरवलेली नाही. प्रत्येक प्रकरणाचा निर्णय संपूर्ण व्यक्ती पाहून करायचा असतो आणि शंका उरल्यास कौल राष्ट्रीय सुरक्षेच्या बाजूने द्यायचा असतो.

अर्जाच्या ८६ क्रमांकाच्या नमुन्यात मद्यपानाचा काम, नातेसंबंध किंवा पैशांवर झालेला दुष्परिणाम मागील सात वर्षांपुरता विचारला जातो. समुपदेशन वा उपचार घेण्यास सांगितले होते का, या प्रश्नाला मात्र अशी कालमर्यादा नाही. उपचार घेतल्याची नोंद बहुधा अर्जदाराच्या बाजूचीच ठरते, म्हणून ती दडवणे दुहेरी नुकसानीचे आहे: हेतुपुरस्सर खोटी माहिती देणे हा वैयक्तिक वर्तनाच्या निकषाखाली स्वतंत्र आक्षेप असून तो फौजदारी गुन्हाही ठरू शकतो.

या विषयातील सर्वांत परिचित खटला थॉमस ईगन यांचा आहे. वॉशिंग्टन राज्यातील ब्रेमर्टन येथे ट्रायडेंट पाणबुड्यांच्या दुरुस्ती केंद्रात ते कामगार होते. नौदलाने १९८३ मध्ये त्यांना मंजुरी नाकारली. पूर्वीच्या शिक्षा, त्यांपैकी काही अर्जात न नोंदवणे आणि मद्यपानाच्या जुन्या समस्येची त्यांनी स्वतः दिलेली कबुली ही त्यामागील कारणे होती. गेली तीन वर्षे मद्याचा त्रास उरलेला नाही, असे ईगन यांचे म्हणणे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा सुरक्षा मंजुरी हा कोणाचाही हक्क नाही, असे न्यायालयाने १९८८ मध्ये स्पष्ट केले. मंजुरी नाकारण्यामागील मूळ निर्णय योग्य होता की नाही, हे तपासण्याचा अधिकार नोकरीविषयक अपिले ऐकणाऱ्या मंडळाला नाही, असाही निर्वाळा न्यायालयाने दिला. त्यामुळे तीन वर्षांच्या संयमाला किती वजन द्यायचे, हा प्रश्न मंडळासमोर उरलाच नाही.