थ्रॉटल पोझिशन सेन्सर आणि थ्रॉटल स्टॉपची सेटिंग

पेट्रोल गाडीच्या थ्रॉटल बॉडीवर (इंजिनात जाणारी हवा झडपेनं कमी-जास्त करणारा भाग) जुळवायच्या दोन गोष्टी, एक म्हणजे पाय काढल्यावर थ्रॉटलचा लिव्हर जिथं टेकतो तो स्टॉप स्क्रू आणि दुसरी म्हणजे झडप किती उघडली ते ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, सांगणारा सेन्सर (टीपीएस). केबलवाल्या जुन्या गाड्यांपुरतंच हे काम आता उरलंय. ड्राइव्ह-बाय-वायरमध्ये, म्हणजे केबलऐवजी मोटर झडप फिरवते तिथं, सेन्सर आतच बसवलेले असतात, बहुधा दोन, स्कॅनर लावून रीलर्न करतात, म्हणजे ईसीयूला झडपेची जागा नव्यानं शिकवतात.

अशा सेन्सरची सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. काही जण १९५७-५८ च्या बेंडिक्स इलेक्ट्रोजेक्टर या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन सिस्टिमपर्यंत मागं जातात, पण १९६७ पासूनची बॉशची डी-जेट्रॉनिक धरणं जास्त सयुक्तिक वाटतं. फोक्सवॅगन १६०० वर आलेल्या या सिस्टिममध्ये थ्रॉटलच्या शाफ्टला स्विच होता, आणि पुढच्या आवृत्त्यांत झडप उघडत गेली की कॉन्टॅक्टच्या पट्टीवरून पल्स मिळून जादा पेट्रोल सुटायचं. अर्थात हा स्विचच झाला, सलग व्होल्टेज देणारा पोटेन्शिओमीटर नंतरचा.

पोटेन्शिओमीटरला वायर तीन: ५ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. झडप बंद असताना सिग्नल साधारण ०.५ व्होल्ट, पूर्ण उघडल्यावर ४.५ च्या आसपास, म्हणजे झडप ८०-८५ अंश फिरते असं धरलं तर अंशाला अदमासे ०.०५ व्होल्ट. बरेच ईसीयू सगळ्यात कमी दिसलेलं व्होल्टेजच 'बंद' समजतात म्हणून ०.५ वर अडून बसू नये असं एक मत आहे, ते बऱ्याच गाड्यांना लागू पडतं, पण ज्यात आयडल स्विच (झडप मिटली हे सांगणारा) वेगळा असतो तिथं कंपनीचा आकडा आणि फिलर गेजच (फट मोजायची पातळ पट्टी) पाहावा लागतो.

खरा घोळ स्टॉप स्क्रूचा. तो आयडलिंगसाठी नसतोच, झडप बोअरमध्ये (हवेच्या नळीत) रुतू नये एवढ्यासाठी असतो, म्हणून कंपनीतनंच रंगाचा ठिपका मारून येतो. सोलापुरात धूळ भरपूर, त्यात क्रँककेसच्या वाफेचं तेल, झडपेच्या कडेला काळा थर धरतो आणि चौकातल्या सिग्नलला गाडी बंद पडायला लागते. मग कार्ब्युरेटरवर हात बसलेले मिस्त्री सरळ स्क्रू आवळतात, तेवढ्यापुरतं आयडलिंग येतं पण की ओ, व्होल्टेजही वर सरकतं, ईसीयूला झडप बंद झालीय हेच कळत नाही, पाय काढल्यावर पेट्रोल तोडणं थांबतं आणि रेस आपोआप वर-खाली व्हायला लागते. आधी बॉडी साफ करायची, आयडलिंगची हवा सांभाळणारा आयडल व्हॉल्व्ह बघायचा.

स्क्रू आधीच कुणी फिरवला असेल तर केबल ढिली करून तो मागं घेतात, झडप पूर्ण मिटू देतात, मग लिव्हरला जेमतेम टेकवून किंचित पुढं. किती पुढं ते गाडीगणिक वेगळं. यानंतर टीपीएस पुन्हा लावावाच लागतो. इग्निशन ऑन, इंजिन बंद, मीटरची पिन सिग्नल वायरच्या मागून घालून दोन स्क्रू ढिले करून सेन्सर फिरवायचा. आवळताना आकडा थोडा हलतो, तो परत बघायचा. शेवटी थ्रॉटल हळू उघडत न्यायचा, मधेच आकडा पडला तर आतला ट्रॅक झिजलेला, सेन्सर बदलायचा.

काही सेन्सरची भोकं लांबट नसून गोल असतात, त्यांना सेटिंगच नाही. तरी कानस मारून भोकं ओढलेले सेन्सर गॅरेजात सापडतात, अशा गाडीत बहुतेकदा स्टॉप स्क्रूही फिरवलेला असतो.