मलाच्या नमुन्यातले ब्यूटिरेट मोजताना

आपल्याला न पचलेले तंतुमय अन्न मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. त्यातून प्रामुख्याने ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्यूटिरेट ही लघुशृंखला मेदाम्ले तयार होतात, ढोबळमानाने 60:20:20 या प्रमाणात. मलातून ती मोजता येतात. पण आकडा बिघडतो तो बहुधा नमुना यंत्रात जाण्याआधीच.

मल डबीत आला म्हणून जिवाणूंचे काम थांबत नाही. खोलीच्या तापमानाला आंबणे चालूच राहते आणि मेदाम्लांचे प्रमाण बदलत जाते. म्हणून नमुना शक्य तितक्या लवकर गोठवायचा, कोरड्या बर्फात प्रयोगशाळेत आणायचा आणि उणे 80 अंश सेल्सिअसला ठेवायचा. गोठवण्याआधी तो पूर्ण ढवळून एकजीव करावा, कारण पृष्ठभाग आणि गाभा सारखे नसतात. मग लगेच लहान कुप्यांत वाटून ठेवावा. तोच नमुना पुन्हापुन्हा वितळवला, तर पेशी फुटून त्यांच्यातले रेणू बाहेर येतात.

मलात सरासरी 75 टक्के पाणी असते, जुलाबात त्याहून बरेच जास्त. त्यामुळे ओल्या वजनावर काढलेला आकडा दोन माणसांत तुलनेला उपयोगी पडत नाही. कोरडे वजन लागतेच. इथे सर्वांत महागात पडणारी चूक होते: सगळा नमुना निर्वातात गोठवून सुकवायचा आणि त्यातच मेदाम्ले मोजायची. ही आम्ले बाष्पनशील असल्याने पाण्यासोबत त्यांचाही मोठा भाग उडून जातो. कोरड्या वजनासाठी वेगळा तुकडाच घ्यावा.

मोजणीसाठी साधारण 100 मिलिग्रॅम ओला नमुना, अर्धा मिलिलिटर थंड पाणी आणि 1 मिलिमीटरचे झिर्कोनियाचे मणी झाकणबंद नळीत घ्यावेत. ड्युटेरियमयुक्त (जड हायड्रोजन असलेले) ब्यूटिरेट हे अंतर्गत प्रमाण, म्हणजे वाटेत किती घट झाली ते ताडून पाहण्याचे माप, याच वेळी, मोजून घालावे. नंतर घातले तर आधीच्या टप्प्यांतली घट त्यात उतरत नाही. नळी 30 सेकंद जोरात हलवायची, बर्फात ठेवायची, असे तीनदा. सलग हलवली तर ती तापते. मग 4 अंशांना 15 मिनिटे सेंट्रिफ्यूज करून वरचे द्रव घ्यायचे आणि हायड्रोक्लोरिक आम्लाने त्याचा सामू 2 च्या आसपास आणायचा. मलाच्या नेहमीच्या सामूला ही आम्ले क्षाररूपात पाण्यात राहतात. सामू उतरला की मुक्त होऊन, वरून घातलेल्या ईथरमध्ये जातात. वरचा ईथरचा थर थेट वायू-क्रोमॅटोग्राफीच्या (मिश्रणातले घटक वायुरूपात लांब नळीतून, म्हणजे स्तंभातून, नेऊन वेगळे करण्याच्या) यंत्राच्या कुपीत घालून घट्ट बंद करावा. नायट्रोजनखाली आटवून तो संहत करण्याचा मोह टाळावा. ईथरबरोबर ब्यूटिरिक आम्लही जाते.

ब्यूटिरिक आणि आयसोब्यूटिरिक आम्लाचे रेणुभार एकच, 88. ती स्तंभातच वेगळी व्हायला हवीत. ॲसेटिक आम्ल तर विद्रावकात आणि प्रयोगशाळेच्या हवेतही सापडते, म्हणून नमुना न घालता केलेली कोरी चाचणी प्रत्येक तुकडीत हवीच. सगळ्या नमुन्यांचे थोडे थोडे मिश्रण दर दहा नमुन्यांनंतर चालवले की यंत्राचे मोजमाप कुठे सरकले ते दिसते.

अर्थ लावताना मात्र फार जपावे लागते. तयार झालेल्या मेदाम्लांपैकी सुमारे 95 टक्के आतडेच शोषून घेते आणि मलात उरते ते शिल्लक. मल आतड्यातून वेगाने पुढे सरकला की शोषण कमी होते आणि मलातला आकडा वाढू शकतो, निर्मिती तेवढीच असली तरी. म्हणून ब्यूटिरेटच्या आकड्याशेजारी मलाचा घट्टपणा, अलीकडे घेतलेली प्रतिजैविके आणि रेचके यांची नोंद असायलाच हवी.